आधी धुणारा, मग रोल, मग कॅमेरा

माळ्यावर सापडलेला आजोबांचा कॅमेरा घेऊन तरुण मंडळी अधूनमधून माझ्याकडे येतात आणि यातला रोल कुठे मिळेल, असा त्यांचा पहिलाच सवाल असतो. त्यावर, नोकरीनिमित्त यवतमाळ जिल्ह्याचे बहुतेक तालुके गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडलेला मी त्यांना उलट विचारतो की, मिळाला तर धुणार कोण? पुसद, वणी, दारव्हा अशा गावी स्टुडिओच्या काचेच्या कपाटात रोलांच्या पिवळ्या-हिरव्या खोक्यांची चवड दिसे, त्या काळी या प्रश्नाचे प्रयोजन नव्हते, कारण रोल विकणारा, धुणारा आणि कॉपी काढून देणारा हे तिघेही एकाच गल्ल्यामागे बसलेले असत.

रोलांचा आणि धुणाऱ्यांचा हा दुष्काळ आपल्याच आडवळणाच्या मुलखावर कोसळला आहे, असे मात्र कोणी समजू नये. निलगिरीच्या थंड हवेत उटीला १९६० साली सरकारने हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापिली, १९६७ पासून तिचा ‘इंदू’ छापाचा कृष्णधवल माल देशभर जाऊ लागला, आणि आयातीची दारे उघडल्यावर व पुढे रोलाची गरजच सरल्यावर हा कारखाना आजारी उद्योगांच्या यादीत जाऊन अखेर बंद पडला. जर्मनीत आग्फाफोटोने २००५ मध्ये दिवाळे काढले. जपानच्या कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये छायाचित्रणाचा व्यवसायच सोडला. अमेरिकेत कोडॅकने २००९ मध्ये कोडाक्रोम बंद केल्याचे जाहीर केले आणि ती फिल्म धुणारी जगातील शेवटची प्रयोगशाळा, कॅन्सस राज्यातील पार्सन्स या लहानशा गावची, ३० डिसेंबर २०१० नंतर तिचे रोल घेईनाशी झाली. या शेवटच्या घटनेत मला सर्वांत मोठा इशारा दिसतो, कारण त्या तारखेनंतरही लोकांच्या कपाटांत रोल शिल्लक होते. नव्हता तो फक्त धुणारा.

मला याचे प्रत्यंतर घरबसल्या आले. यवतमाळ–मूर्तिजापूर या अरुंद रेल्वेमार्गावरील ‘शकुंतला’ गाडी थांबल्यानंतर तिची ओस पडलेली स्थानके टिपावीत म्हणून एका महानगरातील विक्रेत्याकडून टपालाने रंगीत रोल मागविले. ते साध्या डबीत आले, वर संवेदनक्षमतेच्या आकड्याखेरीज अवाक्षर नव्हते, आणि चित्रे घेऊन धुण्यास पाठविले तेव्हा प्रयोगशाळेने ते जसेच्या तसे परत केले. माल मुळात चित्रपटाच्या फिल्मचा, तुकडे करून डब्यांत भरलेला होता. अशा फिल्मच्या पाठीवर बहुधा काजळीचा काळा लेप असतो, तो रंगीत रोल धुण्याच्या नेहमीच्या सी-४१ रसायनात सुटून यंत्रातील इतरांच्या रोलांनाही चिकटतो, तेव्हा प्रयोगशाळेचे चुकले असे म्हणता येत नाही. चित्रपटाच्या पद्धतीने धुणारा इसम सापडेपर्यंत मध्ये आपला वैशाख येऊन गेला आणि आकाशाच्या निळाईवर जांभळी झाक चढली ती चढलीच. म्हणून पैसे पाठविण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी वदवून घ्यावे: प्रक्रिया कोणती, काळा लेप काढलेला आहे की नाही, आणि मूळ मुदत केव्हाची. जो याला बगल देतो त्याच्याशी व्यवहार करू नये. मागणीही शक्यतो कार्तिक ते माघ या काळात नोंदवावी. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कुरियरच्या बंद गाडीत दिवस काढलेल्या रोलाचा भरवसा मी देत नाही.

कृष्णधवल रोलांपुरता मात्र माणूस स्वतंत्र होऊ शकतो, कारण ते घरी धुता येतात. अडचण येते ती पाण्याची, आणि यवतमाळकरांस पाण्याविषयी काय सांगावे! निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली की पिण्याचे पाणी मोजून भरणाऱ्या गावात, निगेटिव्ह वाहत्या नळाखाली अर्धा तास धरावी हा जुन्या पुस्तकांतील उपदेश जवळजवळ गुन्ह्यासारखा वाटतो. यावर इल्फर्ड कंपनीने सुचविलेली रीत मला पूर्णपणे मानवली आहे: हार्डनर नसलेला फिक्सर वापरावा, मग टाकीत पाणी भरून ती पाच वेळा उलटसुलट करावी आणि रिती करावी, पुन्हा भरून दहा वेळा, तिसऱ्यांदा वीस वेळा, एका लहान रोलाचे काम लिटरभर पाण्यात भागते. दुसरा शत्रू उष्मा. डेव्हलपर वीस अंशांवर असावा असा संकेत आहे आणि उन्हाळ्यात आपल्या टाकीचे पाणी तिशीच्या वर असते. बाटल्या बर्फाच्या घमेल्यात ठेवून चोवीसपर्यंत उतरविल्या तरी चालते, परंतु मग वेळ कमी होतो, आणि तो पाच मिनिटांच्या खाली गेला तर डाग पडतात, यास्तव डी-७६ हा डेव्हलपर एकास एक पाण्यात पातळ करून वेळ वाढवून घ्यावा. डेव्हलपर थंड आणि फिक्सर गरम, असे मात्र कदापि होऊ देऊ नये. त्याने निगेटिव्हचा थर भेगाळलेल्या काळ्या रानासारखा फाटतो. अखेरचे खंगाळणे गाळलेल्या पाण्यात करावे, बोअरच्या पाण्याचे क्षार वाळल्यावर ठिपके होऊन बसतात.

आता कॅमेऱ्याकडे वळू. बडोद्यात तयार झालेला आग्फा क्लिक-थ्री आपल्याकडे कित्येक घरांत निघतो; त्याला १२० क्रमांकाचा रोल लागतो, आणि तो आजही बनतो, म्हणून हा कॅमेरा अवश्य वापरावा. कोडॅकच्या जुन्या ब्राउनींपैकी अनेकांना ६२० लागतो, जो कोडॅकने १९९५ मध्ये बंद केला. फिल्मची रुंदी तीच असल्याने १२० चा रोल अंधारात जुन्या रिळावर गुंडाळता येतो, मात्र ते जुने रीळ हाताशी हवे. केवळ शोभेला देखणा म्हणून कॅमेरा विकत घेणाऱ्यांशी माझे भांडण नाही, त्यांनी हा लेख वाचण्याचे कारणही नाही.

परदेशातून येणाऱ्या नातलगांकडून रोल मागवीत असाल तर ते मोठ्या पेटीत टाकू नयेत, हातातल्या पिशवीत ठेवावेत आणि विमानतळावरील क्ष-किरण तपासणीच्या ठिकाणी हाताने पाहण्याची विनंती करावी, एवढे त्यांना बजावावे.

शेवटची गोष्ट जुन्या स्टुडिओंच्या वारसांसाठी. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चांदी असते, म्हणून भंगारवाले त्यांचे गठ्ठे वजनावर उचलतात. एखाद्या तालुक्याच्या लग्नांचे, शाळांचे आणि बाजाराचे पन्नास वर्षांचे दप्तर असे किलोच्या भावाने देऊ नका. कागदी पाकिटात, ओल नसलेल्या खोलीत ठेवा, वर गावाचे नाव आणि साल लिहा, आणि रोल धुण्यास पाठवाल तेव्हा नुसती मोबाइलवरची चित्रे न स्वीकारता निगेटिव्ह परत मागून घ्या.