छत्तीस तास आणि आठ वर्षे

शनिवार, 1 एप्रिल 2017 चा दिवस. देशातील 26 ठिकाणी सुमारे दहा हजार विद्यार्थी संगणकांसमोर बसले होते. त्यांत पुण्याचे विद्यार्थीही होते. सहा-सहा जणांचा एकेक गट, आणि प्रत्येक गटापुढे शासनाच्या एखाद्या खात्याने मांडलेली खरीखुरी अडचण. ती सोडवण्यास मुदत अवघी 36 तासांची! या उपक्रमाचे नाव ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’. त्याच्या आयोजनास पुण्याच्या पर्सिस्टंट सिस्टिम्स या कंपनीचेही साहाय्य होते.

‘हॅक’ आणि ‘मॅरेथॉन’ या दोन शब्दांच्या संयोगाने ‘हॅकेथॉन’ हा शब्द बनला आहे. मॅरेथॉन म्हणजे 42 किलोमीटरांहून अधिक लांबीची शर्यत. ‘हॅक’ म्हटले की पुष्कळांस संगणकातील माहिती चोरणारे लोक आठवतात; पण येथे तो अर्थ नाही. हाताशी असतील त्या साधनांनी, कल्पकतेने अडचणीतून वाट काढणे, हा येथील अर्थ होय.

अशा मेळाव्यात कोणी आज्ञावली लिहितो, कोणी तिच्यातील चुका हुडकतो, तर कोणी हे साधन सामान्य माणसास वापरता येईल का, याचा विचार करते. मध्यरात्र उलटते, डोळे जड होतात आणि नेमके तेव्हाच संध्याकाळी नीट चाललेले काही तरी अडून बसते. अशा वेळी एकमेकांवर न रागावता चूक शोधणे, हीच खरी परीक्षा असते. तरीही दोन दिवसांत तयार होतो तो केवळ नमुना. तो लोकांच्या उपयोगी पडावा, तर पुढे दीर्घकाळ खपावे लागते. नाही तर तो नमुना कपाटातच पडून राहतो.

दीर्घकाळ खपणे म्हणजे काय, याचे उदाहरण पुण्यातच आहे. शिवाजीनगर येथील अभियांत्रिकी महाविद्यालय 1854 साली स्थापन झाले. आज ते सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. तेथील विद्यार्थ्यांनी 2008 च्या सुमारास उपग्रह बांधण्याचा संकल्प केला. महाविद्यालयातील शिक्षण चार वर्षांचे आणि काम चालले आठ वर्षे! जुने विद्यार्थी पदवी घेऊन गेले, की नवे ते काम हाती घेत. अशा रीतीने शंभराहून अधिक विद्यार्थ्यांचे हात त्यास लागले.

या उपग्रहाचे नाव ‘स्वयम्’. त्याचे वजन सुमारे एक किलोग्रॅम. हौशी रेडिओचालकांचे संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवावेत, हा त्याचा हेतू होता. अवकाशात त्याची दिशा राखण्यासाठी चुंबकाची योजना केली होती. होकायंत्राची सुई जशी आपोआप वळते, तसा तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानुसार वळे. त्यासाठी विजेची गरज नव्हती.

22 जून 2016 रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी34 हा अग्निबाण 20 उपग्रह घेऊन झेपावला. त्यांत ‘स्वयम्’ होता. पहिले आराखडे काढणारे विद्यार्थी तोवर केव्हाच महाविद्यालय सोडून गेले होते. परंतु त्यांचे काम थांबले नव्हते.

छत्तीस तासांचा उत्साह कामाचा आरंभ करतो. ते तडीस नेते ती चिकाटी. आणि आपण आरंभिलेले काम दुसऱ्याच्या हाती आनंदाने सोपवणे, यासही मोठे मन लागते.

स्वाध्याय
1. ‘हॅकेथॉन’ या शब्दातील ‘हॅक’ या पदाचा येथील अर्थ सांगा.
2. ‘स्वयम्’ उपग्रह आपली दिशा कशी राखत असे?