दिवा आणि फांदी यांच्यामधलं अंतर

शॅमेलिऑन दिव्याखाली भाजत असतो तेव्हा तो तिथून हलत नाही. हा प्राणी घरात आणणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हे माहीत असायला हवं, कारण आपला सगळा समज याच्या उलट असतो. ‘फार गरम झालं तर जाईल की बाजूला,’ असं आपण धरून चालतो. तो जात नाही.

आमच्या मोरूची गोष्ट हीच. इथे न्यू जर्सीत ओळखीचं एक कुटुंब दुसऱ्या राज्यात निघालं होतं. त्यांनी पिंजऱ्यासकट तो आमच्या हवाली केला. येमेनी शॅमेलिऑन, नर, डोक्यावर या जातीचा असतो तसा उंच तुरा आणि तुऱ्याच्या टोकाला काळपट, कोरडा भाग. तो त्याचा रंगच आहे, असं त्या घरी मनापासून वाटत होतं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, की हे भाजलंय आणि बरंच जुनं आहे. मग एक्स-रे काढला, तर हाडंही विरळ झालेली. एकाच पिंजऱ्यात ऊब नको इतकी होती आणि जो उजेड हवा तो नव्हताच. प्रेमात मात्र काही कमी नव्हतं, म्हणून तर हे लिहावंसं वाटलं.

तो हलत का नाही, हे समजलं की बाकीचं आपोआप समजतं. सकाळी उन्हात बसलेल्या सरड्याचं सगळं अंग एकदम तापतं. पाठ, कूस, शेपूट, सगळीकडे ऊब सारखी पोचते. अंग आतून पुरेसं तापलं, की तो सावलीत सरकतो. पिंजऱ्यावरचा दिवा तसा नसतो. त्याचा झोत अरुंद, म्हणून तुऱ्याचं टोक किंवा पाठीची कड तेवढी भाजून निघते, पण शरीर आतून अजून गारच असतं. ‘अजून ऊब हवी’ असं शरीर सांगत राहतं आणि तो तिथेच बसून राहतो. त्यात वर जाळी असली, तर तो तिला उलटा लटकून थेट दिव्याखाली पोचतो. तुरा हा शरीराचा सर्वांत उंच भाग, म्हणून पहिला बळी तोच.

म्हणून तापमान मोजायचं ते फांदीवर नव्हे, तर त्याच्या पाठीच्या आणि तुऱ्याच्या उंचीवर. मोठ्या नराचा तुरा फांदीपेक्षा चांगला वर येतो आणि तेवढ्या अंतरात उष्णता झपाट्याने वाढते. काचेवर चिकटवायचे गोल काट्याचे तापमापक या कामाचे नाहीत. वायरच्या टोकाला संवेदक असलेला डिजिटल घ्या आणि ते टोक नेमकं त्या उंचीवर बांधा. वाढलेल्या नराला तिथे २९ ते ३२ अंश सेल्सियस पुरतात. इथले तापमापक फॅरेनहाइट दाखवतात, त्यांवर हे ८५ ते ९० होतात. माद्यांना आणि पिल्लांना याहून कमी, २७ ते २९. पिंजऱ्याचा खालचा भाग २२-२४ वर राहिला पाहिजे, म्हणजे त्याला गारव्यात जाता येईल. दिवा पिंजऱ्याच्या बाहेर, जाळीच्याही थोडा वर टांगा आणि सर्वांत वरची फांदी जाळीपासून निदान वीतभर खाली ठेवा. तापमान जास्त आलं तर दिवा आणखी वर घ्या किंवा कमी वॅटचा लावा. अरुंद झोताच्या दिव्यापेक्षा पसरट उजेडाचा कधीही बरा.

रात्री दिवा नको. येमेनच्या डोंगरात रात्री थंडीच असते. बहुतेक घरांतलं रात्रीचं १७-१८ अंश तापमान निरोगी मोठ्या शॅमेलिऑनला छान मानवतं, उलट त्याची झोप चांगली होते. लाल बल्ब ‘त्यांना दिसत नाही’ म्हणून विकले जातात. शॅमेलिऑनची रंगदृष्टी उत्तम असते, त्या लाल उजेडाने त्याची झोपच मोडते. तापलेला दगड आणि तळाला लावायची गरम चटई या झाडावरच्या प्राण्यासाठी नाहीतच.

आता अतिनील किरण. मोरूची हाडं विरळ झाली ती यांच्याअभावी. त्यांतले यूव्हीबी किरण मिळाल्याशिवाय कातडीत ड-३ जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथे उपयोगाचं नाही, काच हे किरण अडवते. गुंडाळलेल्या छोट्या बल्बचा पल्ला फार तोकडा असतो. पिंजऱ्याच्या लांबीची टी-५ जातीची नळी घ्या, पाच-सहा टक्के यूव्हीबीची. बसायच्या जागी अतिनील निर्देशांक ३ च्या आसपास हवा. जाळीमुळे साधारण एक तृतीयांश किरण अडतात, तेही धरून अंतर ठरवा. यूव्हीबी संपल्यावरही नळी दिसायला तशीच उजळ राहते, तेव्हा बसवल्याची तारीख तिच्यावर लिहून वर्षाच्या आत बदला. जास्त टक्क्यांची नळी जवळ लावणंही धोक्याचं, डोळे आणि कातडी दोन्ही दुखावतात. दिवे दिवसाचे बारा तास आणि तेही टायमरवर, आपल्या आठवणीवर नव्हे.

२०२३ च्या ऑगस्टपासून अमेरिकेत घरगुती वापराचे जुने पिवळे बल्ब विकणं बंद झालं. तेव्हापासून तोच आकार बघून एलईडी लावणारे भेटतात. एलईडीने उजेड पडतो, पण अंग तापेल इतकी ऊब त्यातून मिळत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा हॅलोजन दिवाच घ्या. होल्डर चिनी मातीचा हवा, प्लॅस्टिकचा वितळतो. चिमट्याच्या दिव्याला साखळीचा दुसरा आधार द्या, कारण मांजराच्या एका उडीने तो गादीवर पडू शकतो. पिंजऱ्यात पाण्याचा फवारा रोज मारायचा असतो, तेव्हा वायर प्लगच्या खाली झोळ देऊन न्या, म्हणजे थेंब प्लगपर्यंत जाणार नाही. गळती झाली की वीज तोडणाऱ्या सॉकेटवरच सगळं जोडा. तापलेल्या बल्बवर गार पाणी उडालं, तर काच तडकते.

पुण्यातल्या भाच्याने फोटो बघून विचारलं होतं, आपल्याकडचा शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा सरडा, आणून पाळू का? नाही. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्याला पकडणंही गुन्हा आहे. रस्ता ओलांडताना दिसला तर सुखरूप पलीकडे जाऊ द्यावा.

भाजल्याची खूण लगेच दिसत नाही. आधी एखादा ठिपका फिकट किंवा हिरवट होतो आणि काही दिवसांनी तो काळा पडून खपली धरतो. तिथे हळद, तूप, टूथपेस्ट काहीही लावू नका. दिवा लगेच वर घ्या आणि डॉक्टरांकडे जा. दिवसाढवळ्या डोळे मिटून बसणं, फांदी धरताना पाय वाकडे पडणं, जीभ किड्यापर्यंत न पोचणं, ही लक्षणं दिसली तरीही थांबू नका. जाताना पिंजऱ्याचा पूर्ण फोटो, दिव्यांच्या खोक्यांवरचे वॅट आणि टक्के, आणि दिव्यापासून वरच्या फांदीपर्यंतचं मोजलेलं अंतर लिहून न्या. आमच्या डॉक्टरांनी मोरूला हातात घेण्याआधी हेच विचारलं होतं.