हवा, पाणी व तळ्यांतील मासळीचा श्वास

वैशाखांत पहांटे मामा तलावाच्या पाळीवर उभें राहिल्यास कधीं कधीं असें दिसतें, कीं रोहू व कतला पृष्ठभागीं येऊन तोंडें उघडीत आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीकडील ढीवर बांधवांची वर्षाची कमाई त्या घटकेस धोक्यांत असते. मासे मेले, कीं गांवांत बोलणें निघतें : पाण्यांत कोणीं तरी विष कालविलें. तसेंही क्वचित् घडतें. परंतु शेजाऱ्यावर आळ घेण्यापूर्वीं हवा व पाणी यांचे गुणधर्म पाहावेत.

प्रथम उष्णता. मे महिन्यांत चंद्रपुरास हवा ४५ अंशांच्याही वर तापते, तरी खोल तळ्याचा तळ थंड असतो. पाणी हवेहून सुमारें ८०० पट जड. शिवाय समान वजनाचें पाणी तापविण्यास हवेच्या चौपट उष्णता लागते. उथळ पाण्याचा सांठाच थोडा, म्हणून तें लवकर तापतें.

आतां श्वास. एक लिटर हवेंत सुमारें २७० मिलिग्रॅम प्राणवायु असतो. तितक्याच पाण्यांत, ३० अंशांवर, हवेंतून घेतलेला साडेसात मिलिग्रॅमच मावतो, आणि पाणी तापेल तसा तो आणखी घटतो. वाचकहो, चुलीवर पाण्याचें भांडें ठेवून पाहा. उकळी फुटण्याच्या बऱ्याच आधीं कडेस बारीक बुडबुडे धरतात. ती वाफ नव्हे; पाण्यांत विरलेली हवाच बाहेर पडत असते. साखर ऊन पाण्यांत अधिक विरघळते, हवा मात्र नेमकी उलट वागते.

दिवसां पाणवनस्पती उन्हाच्या बळावर प्राणवायु सोडतात. रात्रीं त्याच तो घेतात, व कुजणारा पालाही तो खातो. म्हणून पहांट सर्वांत वाईट. मरळ व मांगूर वर येऊन हवाच घेतात. तीं धड असून रोहू-कतला तडफडत असतील, तर पहिला संशय प्राणवायूच्या तुटीचा घ्यावा.

अशा वेळीं शेण-खत टाकणें तत्काळ थांबवावें. पंपानें पाणी उंच उडवून परत तळ्यांत पाडावें. पंप नसल्यास डोंगा फिरवून बांबूनें पाणी झोडावें, म्हणजे हवा पाण्यांत मिसळते. मालगुजारी १९५१ सालीं गेली, तलाव राहिले, पण गाळानें पुष्कळ उथळ झाले. गाळ काढतांना एक कोपरा तरी खोल राखावा, आणि शेतास पाणी देतांना तो डोह उपसूं नये.