जुन्या मोटारीचा तळ व गंज

जुन्या मोटारीचें आयुष्य वरच्या रंगावर नव्हे, तर तळाच्या पत्र्यावर अवलंबून असतें. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून निघालेली फियाट ११०० डिलाइट हिचेंच उदाहरण घ्या. तिला निराळा सांगाडा नाहीं. तळाचा पत्रा हाच तिचा कणा. तो सडला तर प्रवाशांचा जीव धोक्यांत येतो.

लोखंड, पाणी व प्राणवायु यांच्या संयोगानें गंज होतो. पाण्यांत मीठ असल्यास ही क्रिया वेगानें चालते. म्हणून समुद्रकांठच्या गाड्या लवकर गंजतात. शिवाय गंज लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळें त्यावर दिलेला लेप उचलला जाऊन आंत पाणी सांचतें. यास्तव गंजावरच डांबर फांसणें म्हणजे रोग झांकून ठेवणें होय.

प्रथम गाडी भक्कम घोड्यांवर ठेवावी. केवळ जॅकच्या भरंवशावर खालीं शिरूं नये. चिखल धुऊन तळ पूर्ण वाळवावा. तारेच्या ब्रशानें चकचकीत पत्रा दिसेपर्यंत गंज खरवडावा. सडलेला भाग कापून नवा जोडावा. मग जस्तयुक्त अस्तराचा हात, त्यावर रंग व शेवटीं संरक्षक लेप द्यावा. पोकळ भागांत पातळ मेण सोडावें. पाणी निघण्याचीं छिद्रें मात्र मोकळीं ठेवावीं.

विद्यार्थ्यांनो, दरवर्षीं पावसाळा सरतांच तळ तपासावा. न दिसणाऱ्या भागाची निगा हीच खरी निगा.