आजचे चिंतन : पानावर आलेली पट्टी



आजचे वाचन : दासबोध, दशक ४, समास १ (श्रवणभक्ती)

आजी साताऱ्याला, मी पुण्यात. तिला आता नीट दिसत नाही, म्हणून रोज रात्री फोनवरून तिला एक समास वाचून दाखवतो. काल लॅपटॉपवर ओवीच्या मधोमध जाहिरातीची पट्टी आली. फुली दाबली, तर दुसरंच पान उघडलं. तिकडून आजी म्हणाली, "थांबलास का रे?"

तो टूलबार आपोआप आला नव्हता. एक फुकट सॉफ्टवेअर टाकताना आधीच टिक केलेला चौकोन न वाचता मीच 'नेक्स्ट' दाबलं होतं.

नवविधा भक्तीत श्रवण पहिलं. पण नुसतं कानावर पडणं म्हणजे श्रवण नव्हे. मन तिथे हवं. आणि त्यासाठी बंदोबस्त करावा लागतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये तो केला : संध्याकाळी ७ ला भोंगा, मग दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला.

आज एवढं करूया :

१. ब्राउझरच्या एक्स्टेन्शन यादीतून अनोळखी नावं काढा. टूलबार वेगळं सॉफ्टवेअर म्हणून बसला असेल, तर तेही अनइन्स्टॉल करा.
२. सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी असलेल्या नको त्या साइट ब्लॉक करा.
३. वाचताना रीडर मोड लावा.

मनातल्या पट्ट्यांना मात्र फुली नसते. तिथे पुन्हा ओवीवर यायचं, एवढंच.

आज आजीला तोच समास पहिल्यापासून वाचणार आहे.