बंधाऱ्याआधी माथा

प्रश्न : आमची शेती कोरडवाहू. ओढ्यावर सिमेंट बंधारा बांधला, तो दोनच पावसाळ्यांत गाळाने भरला. आता काय करावे?

उत्तर : पाणलोटाचे काम माथ्यावरून पायथ्याकडे चालते. आधी डोंगरउतारावर समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, नाल्यात दगडी बांध आणि सिमेंट बंधारा सगळ्यात शेवटी. वरची माती अडली नाही तर ती बंधाऱ्यात येणारच.

नगर जिल्ह्यातल्या अवर्षणप्रवण हिवरे बाजारने १९९० नंतर हाच क्रम धरला. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. उजाड उतारांवर गवत उभे राहिले. खरे धाडस मात्र पुढचे : शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस नाही आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडूनच पिके ठरवायची.

गाळ जरूर काढा, शेतात पसरा. पण त्याआधी माथ्याच्या कामाचा ठराव ग्रामसभेत घ्या.