भरती करणारा आणि परत आलेला सैनिक

सातारा जिल्ह्यांत आपशिंगे नांवाचें एक गांव आहे. लोक त्यास ‘आपशिंगे मिलिटरी’ असें म्हणतात. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत ह्या एका गांवचे ४६ जवान कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ तेथें आहे. सैन्यांत जाण्याची तेथील परंपरा आजही तुटलेली नाहीं. अशा गांवाचा विचार करूं लागलों म्हणजे एक प्रश्न मनांत उभा राहतो. तरुणास बोलावण्यासाठीं सरकारचा मनुष्य येतो. तोच तरुण जखमी होऊन परतला, अथवा परतलाच नाहीं, तर त्याच्या घरीं कोण येतें?

हा प्रश्न जुना आहे. १९१७ सालीं, युद्ध चालू असतां, शिपायांची भरती वाढविण्याकरितां हिंदुस्थान सरकारनें सेंट्रल रिक्रूटिंग बोर्ड नेमलें. युद्ध संपल्यावर, १९१९ सालीं, त्याच्या जागीं इंडियन सोल्जर्स बोर्ड आलें. परत आलेल्या शिपायांचें व त्यांच्या कुटुंबांचें हित पाहणें हें त्याचें काम ठरलें. आजचें केंद्रीय सैनिक बोर्ड तें हेंच. महाराष्ट्रांत हें काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयें करितात. भरतीच्या मागोमाग कल्याणाचें काम यावेंच लागतें, हा धडा ह्या इतिहासांत आहे.

आतां, भरती करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातीं पेन्शन देण्याची सत्ता नसते. तरीही तो पुष्कळ करूं शकतो. त्यांतील तीन गोष्टी आम्हांस विशेष महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट, खरें व पुरें सांगणें. पूर्वीच्या नियमाप्रमाणें जवानास १५ वर्षें नोकरी झाल्यावर पेन्शन मिळे. २०२२ सालीं अग्निपथ योजना सुरू झाली. तिच्यांत नोकरी ४ वर्षांची असून, पुढें शेंकडा २५ पर्यंतच जवान कायम होतात. बाकीच्यांस एकरकमी सेवानिधि मिळतो, पेन्शन मिळत नाहीं. हें सर्व मुलास तर सांगावेंच, पण त्याच्या आईबापांसही सांगावें. जो पहिल्या दिवशीं खरें सांगतो, त्याच्याच दारीं संकटाच्या दिवशीं माणूस विश्वासानें जातो. भरतीसाठीं कोणासही पैसे द्यावे लागत नाहींत, हेंही त्यानें मोठ्यानें सांगावें; म्हणजे कर्ज काढून दलालाच्या हातीं पैसे देणारीं कुटुंबें वांचतील.

दुसरी गोष्ट कागदांची. ती लहान दिसते, परंतु तिच्यांतच पुष्कळांचें नुकसान होतें. आपल्याकडे लग्नांत मुलीचें नांव बदलण्याची चाल आहे. समजा, रेकॉर्ड ऑफिसांत पत्नीचें माहेरचें नांव लागलें, आधार कार्डावर सासरचें लागलें, आणि जवान वारला. आतां ह्या दोन नांवांची बाई एकच आहे, हें त्या दुःखी विधवेनें सिद्ध करावयाचें! कित्येकदां लग्नाची किंवा मुलाच्या जन्माची नोंद पलटणीमार्फत झालेलीच नसते. भरतीच्या वेळींच आईबापांचीं नांवें व जन्मतारखा शाळेच्या दाखल्याशीं ताडून पाहिल्या, आणि “लग्न झालें, मूल झालें कीं लगेच नोंद करा” असें बजावून सांगितलें, तर पुढील अनेक हेलपाटे टळतील.

तिसरी गोष्ट, वाट दाखविणें. भरतीच्या निमित्तानें हे अधिकारी दूरदूरच्या तरुणांस व त्यांच्या पालकांस भेटतात. तेथेंच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मनुष्यास एक टेबल द्यावें. माजी सैनिकांच्या औषधोपचारासाठीं २००३ पासून ई. सी. एच. एस. ही योजना आहे. त्यांच्या मुलामुलींस शिष्यवृत्त्या व वसतिगृहें आहेत. परंतु ज्या वृद्ध मातेस अर्ज कोठें द्यावा हेंच ठाऊक नाहीं, तिला ह्या योजनांचा उपयोग काय? शिवाय, नव्या मुलांस तयार करण्यासाठीं गांवच्या माजी सैनिकासच बोलवावें. त्यामुळें मुलांस अनुभव मिळेल, आणि ‘आपली गरज संपली’ हें जें शल्य निवृत्तास बोंचतें, तें कमी होईल.

विद्यार्थिमित्रहो, हें काम केवळ अधिकाऱ्यांचें नव्हे. तुमच्या घरीं किंवा शेजारीं कोणी आजोबा सैन्यांतून आलेले असतील. ह्या सुट्टींत त्यांच्याजवळ बसा. त्यांचें डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा हुकूम त्यांच्या परवानगीनें उघडून पाहा. आजीचें नांव त्यांत आहे कीं नाहीं, व तें आधार कार्डाप्रमाणेंच आहे कीं नाहीं, एवढेंच तपासा. चूक दिसली तर वडील माणसांस सांगा. त्यांनीं सैनिक कल्याण कार्यालयांत जाऊन विचारावें. आजोबा आहेत तोंवर त्यांच्याच सहीनें ही चूक दुरुस्त करणें सोपें असतें. मागाहून आजीला एकटीला तें फार जड जातें.

दरवर्षीं ७ डिसेंबरला, १९४९ पासून, आपण ध्वजदिन पाळतों व निधीस पैसे देतों. तें योग्यच आहे. परंतु छातीस लहानसा ध्वज लावून घरीं जातांना वाटेंत एका म्हाताऱ्या शिपायाचा कागद वाचून दाखविला, तर तो ध्वज आपल्या छातीवर अधिक शोभेल, असें आम्हांस वाटतें.